जायला हवंस, पण या कागदावर नाही

पत्र

नमस्कार ताई,

मी ग्वाल्हेरची, वय 34. देशाकडून हॉकी खेळले, रेल्वेकडून तर कितीतरी वर्षं खेळले. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यामुळे थांबावं लागलं. खेळाडू कोट्यातून विसाव्या वर्षी रेल्वेत लागले होते. आता झाशी मंडळात रोज ऑफिसात बसून पगारबिलांच्या फाइली बघते. नवरा बँकेत आहे, मुलगा सहा वर्षांचा. रविवारी सकाळी आठ-दहा मुलींना मैदानावर शिकवते, तेवढंच काय ते उरलंय.

नेदरलँड्समधल्या एका गावच्या क्लबने मला बोलावलंय. दोन वर्षांसाठी. बारा आणि चौदा वर्षांखालच्या मुलींना शिकवायचं आणि त्यांच्या महिला संघातून खेळायचंही. आठवड्याला 30 तास काम, महिन्याला 1,400 युरो आणि राहायला खोली. हे सगळं दिल्लीतल्या एका एजंटमार्फत आलंय. तो अडीच लाख मागतो आणि म्हणतो की आधी पर्यटक व्हिसावर जा, बाकीचे कागद तिथे गेल्यावर होतील. महिन्याभरात राजीनामा द्यावा लागेल.

नवरा म्हणतो, तू ठरव. सासूबाई काहीच बोलत नाहीत, ते जास्त लागतं. आणि माझे सर, ज्यांनी अकराव्या वर्षी माझ्या हातात स्टिक दिली, ते म्हणाले, "सरकारी मैदानावर शिकलीस, सरकारी हॉस्टेलात जेवलीस. आता दुसऱ्या देशाच्या मुली तयार करणार?" त्या दिवसापासून मला झोप नाही. ताई, मला अजून खेळायचंय. फाइलींत जीव गुदमरतो. जाऊ का?

– लष्करची (ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली) मुलगी

(पदकांचा आणि स्पर्धांचा उल्लेख पत्रात होता. ओळख उघड होऊ नये म्हणून तो मी गाळला आहे.)

उत्तर

प्रिय लष्करच्या मुली,

तुझी झोप उडाली ती सरांच्या वाक्याने, पैशांच्या किंवा व्हिसाच्या काळजीने नाही. म्हणून आधी त्या वाक्याचंच बोलू. कागदांकडे नंतर येते, आणि त्याबाबतीत मी फार कडक बोलणार आहे, तयारी ठेव.

सरांचा राग मला कळतो. मीही आयुष्यभर शाळेत खेळ शिकवला. उन्हातान्हात घडवलेली मुलगी दुसऱ्या कुणाच्या मैदानावर जाते म्हटल्यावर पोटात तुटतं. पण पोटात तुटणं वेगळं आणि त्या मुलीवर कर्जाचा बोजा टाकणं वेगळं. ते कर्ज तू फेडलं आहेस. विसाव्या वर्षापासून रेल्वेसाठी आणि देशासाठी खेळलीस, गुडघा त्याच कामी घालवलास. यापुढचं आयुष्य कुठे आणि कसं काढायचं हे ठरवायचा हक्क कुठल्याही हॉस्टेलच्या जेवणाने संपत नाही.

आणि हॉकीत तर हा प्रश्न आपण विचारूच नये. 2021 मध्ये टोकियोत आपल्या पुरुष संघाने जर्मनीला 5–4 असं हरवून कांस्य मिळवलं. 1980 नंतरचं, म्हणजे 41 वर्षांनी आलेलं हे पदक. ग्वाल्हेरचा आपला बाडा चौक त्या दिवशी नाचला. त्या संघाचे प्रशिक्षक ग्रॅहम रीड. हे गृहस्थ ऑस्ट्रेलियाकडून 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवून आलेले. 2024 मध्ये पॅरिसला पुन्हा कांस्य, तेव्हा प्रशिक्षक क्रेग फुल्टन. ते दक्षिण आफ्रिकेकडून ऑलिंपिक खेळले, मग आयर्लंडला गेले आणि आयर्लंडच्या पुरुष संघाला 2016 च्या रिओ ऑलिंपिकपर्यंत घेऊन गेले, 1908 नंतर पहिल्यांदाच. मग आपल्याकडे आले. आपल्या मुलींना शिकवायला आलेल्या यानेक शॉपमन 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये नेदरलँड्सकडून सुवर्णपदक जिंकलेल्या. या सगळ्यांना त्यांच्या गावात कुणी विचारलं असेल का, की आमच्या मैदानावर शिकून भारताची मुलं का घडवता? विचारलं असेलही. ते आले म्हणून आपलं भलं झालं. आपल्याकडे येणारा चालतो आणि आपल्याकडून जाणारा खुपतो, हा हिशेब मला पटत नाही.

आता सर म्हणतील, ते गोरे लोक, त्यांची गोष्ट वेगळी. मग आपल्या नाशिकच्या शैलजा जैन यांचं उदाहरण त्यांच्यापुढे ठेव. कबड्डी शिकवण्यात त्यांची हयात गेली. भारतीय महिला संघाची जबाबदारी हवी होती, ती मिळाली नाही. इराणने बोलावलं, त्या गेल्या. मुलींशी बोलता यावं म्हणून फारसी शिकल्या, सरावात योग आणला, आणि 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत अंतिम सामन्यात इराणच्या मुलींनी भारताला 27–24 असं हरवलं. त्या दिवशी मलाही वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण राग धरायचा तर कुणावर? ज्या बाईंना आपण काम दिलं नाही त्यांच्यावर? क्रिकेटमध्येही तेच. 2003 च्या विश्वचषकात केनिया उपांत्य फेरीत गेला तेव्हा प्रशिक्षक होते आपले संदीप पाटील. मुंबईचे खरे, पण खेळाच्या उत्तरार्धात मध्य प्रदेशाचं नेतृत्व केलेले, म्हणजे तेवढे आपलेही.

सर जुने हॉकीवाले आहेत, तेव्हा ते जबलपूरच्या पिअर्स बंधूंचा दाखला देतील असं मला वाटतं. आपल्याच जबलपुरात जन्मलेले पाच भाऊ. कुटुंब पर्थला गेलं आणि पाचही जण ऑस्ट्रेलियाकडून खेळले. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने आपल्याला हरवलं, त्या संघातही पिअर्स होते. म्हणजे घरची विद्या बाहेर गेली आणि आपल्यावरच उलटली, असं म्हणता येतं. पण आपली हॉकी खरी घसरली ती 1976 मध्ये. माँट्रियलला पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर ऑलिंपिक झालं, आपली पोरं गवतावर आणि मातीवर वाढलेली, आपण सातवे आलो. त्यानंतर कितीतरी वर्षं मुलांना टर्फ बघायलाही मिळत नव्हतं. त्याला पिअर्स बंधू जबाबदार नव्हते. आणि ग्वाल्हेरपुरतं बोलायचं तर ज्या कॅप्टन रूपसिंहांनी 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेविरुद्ध एका सामन्यात दहा गोल केले, त्यांच्या नावाचं आपलं स्टेडियम मुळात हॉकीचं. ते क्रिकेटचं झालं. 2010 मध्ये सचिनने तिथे द्विशतक ठोकलं तेव्हा आपण सगळे खूश झालो, मीही झाले. पण त्या मैदानावर हॉकी राहिली नाही याचं दुःख करणारे किती होते? हॉकीवरचं प्रेम तिथे दाखवायचं होतं. एका मुलीच्या पासपोर्टावर नव्हे.

सरांना हे सगळं ऐकवू नकोस. एवढंच सांग की रविवारच्या मुली तुम्ही बघाल का. त्यांना हेच विचारलं जायला हवंय, असं मला वाटतं.

आता तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य घेऊ, "मला अजून खेळायचंय." पोरी, मला काळजी या वाक्याची वाटते. परदेशाची वाटत नाही.

वर ज्या प्रशिक्षकांची नावं घेतली त्यांच्याकडे पुन्हा बघ. दुसऱ्या देशाच्या संघांकडे ते खेळ लांबवायला गेले नाहीत. ते शिकवायला गेले. आणि शिकवणं त्यांना आधीपासून येत होतं. शैलजाताई इराणला गेल्या तेव्हा त्यांच्यामागे कित्येक वर्षांचं महाराष्ट्रातलं काम होतं. संदीप पाटील केनियाच्या आधी भारतीय संघाचेही प्रशिक्षक होते. मोठा खेळाडू परदेशात टिकतो तो नावावर नाही, हातातल्या कामावर टिकतो. नावावर पहिला महिना जातो. त्या गावातल्या अकरा वर्षांच्या मुलीला तू भारताकडून किती सामने खेळलीस याचं काही नसतं. तिला तिचा चेंडू सुटतो तो का सुटतो, एवढंच कळायला हवं असतं.

तुझ्या रविवारच्या मुलींबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, त्यामुळे तुला शिकवता येतं की नाही हे मला पत्रावरून कळत नाही. पण तू स्वतः तपासून बघ. नवीन मुलगी चेंडू घेऊन पळायला लागली की तिची स्टिक दोन्ही हातांनी आवळलेली असते, उजवी मूठ तर इतकी घट्ट की बोटं पांढरी पडतात. मग स्टिक वळत नाही आणि चेंडू एकाच बाजूला राहतो. तिला सांगायचं असतं की वरचा डावा हात स्टिक फिरवतो, खालचा उजवा हात नुसता नळीसारखा सैल राहतो आणि स्टिक त्यातून फिरते. तुला हे इतकं सवयीचं झालंय की तू कधी शिकलीस तेही आठवत नसेल. मोठ्या खेळाडूंची अडचण तीच असते. हाताला येतं, तोंडाला येत नाही. "असं कर" म्हणून करून दाखवतात आणि मुलगी बघत राहते. येत्या रविवारी स्टिक बाजूला ठेव, हात पाठीमागे बांध आणि एका मुलीला हीच गोष्ट नुसती बोलून शिकव. जमलं, आणि तास कसा गेला कळलं नाही, तर तू शिकवायला जन्मलेली आहेस. कंटाळा आला आणि सारखं वाटलं की स्टिक द्या इकडे, मीच करते, तर तुला शिकवायचं नाहीये, खेळायचंय. आणि मग हा करार तुझ्यासाठी नाही.

कारण गुडघा तोच आहे. टर्फवर, पावसात, तिथल्या पोरी तुझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, आणि क्लबने तुला खेळाडू म्हणूनही घेतलंय. गुडघा पुन्हा गेला तर शिकवायचं कामही जाईल की राहील, हे करारात लिहिलंय का? खेळण्याची अट काढून टाकता आली तर उत्तम. "जमेल तेव्हा खेळेन" एवढंच ठेव. हे मागायला संकोच करू नकोस.

आता कागद. यात मला एक गोष्टही आवडलेली नाही.

पर्यटक व्हिसावर जा आणि बाकीचं तिथे होईल, असं सांगणारा माणूस तुझा हितचिंतक नाही, मग तो कितीही गोड बोलो. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपच्या याच पर्यटक व्हिसावर, कुठल्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं आणि त्यावर नोकरी करता येत नाही. पकडली गेलीस तर पुढचे युरोपचे दरवाजे बंद होऊ शकतात, आणि इकडे रेल्वेची नोकरी सोडून बसलेली असशील. नेदरलँड्समध्ये काम करायला जायचं तर निवासाचा आणि कामाचा परवाना आधी हवा, आणि त्यासाठी काम देणाऱ्याला हालचाल करावी लागते. तिथलं स्थलांतर खातं, आयएनडी, मान्यताप्राप्त मालकांची यादी आपल्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी ठेवतं. क्लबचं नाव तिथे शोध. नसेल तर लगेच घाबरू नकोस, दुसऱ्या मार्गाने परवाना मिळू शकतो, पण त्यात तिथलं रोजगार खातं विचारतं की हे काम करायला युरोपातलं कुणी मिळत नाही का. ते वेळखाऊ आहे, आणि क्लबला त्याची कल्पना आहे की नाही हे तुला आत्ताच कळायला हवं.

एजंटची गोष्ट. परदेशात नोकरी लावून देणाऱ्याला आपल्या परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते आणि नोंदणी असलेल्यांची नावं ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर बघता येतात. उमेदवाराकडून घ्यायच्या शुल्काला कमाल मर्यादा आहे: 30 हजार रुपये आणि वर जीएसटी. तो अडीच लाख मागतोय. नोंदणी असो वा नसो, या आकड्यावरच बोलणं थांबव. एक रुपयाही देऊ नकोस, पासपोर्टची मूळ प्रत तर मुळीच नाही.

आणि पगार. 1,400 युरो म्हटलं की आपल्या डोक्यात लगेच रुपयांचा गुणाकार सुरू होतो आणि डोळे दिपतात. त्याऐवजी हा हिशेब कर. आठवड्याला 30 तास म्हणजे महिन्याला साधारण 130 तास. तिथे प्रौढ माणसाला तासाला कायद्याने किमान 14 युरोंहून जास्त द्यावे लागतात. 130 गुणिले 14 म्हणजे 1,820. म्हणजे तुला देऊ केलेली रक्कम तिथल्या किमान वेतनाच्याही खाली आहे. खोलीचं भाडं त्यातून वळतं केलं असेल, तर तसं स्पष्ट लिहून माग. तसं काहीच नसेल तर भारताची आंतरराष्ट्रीय खेळाडू तिथल्या दुकानातल्या पोरीपेक्षा कमी पगारावर नेली जातेय. हे तू स्वीकारू नयेस असं मला मनापासून वाटतं. शिवाय तिथे राहणाऱ्या आणि काम करणाऱ्या प्रत्येकाला आरोग्य विमा घ्यावाच लागतो, त्याचा हप्ता वेगळा.

याच आकड्यात तुझ्या मुलाचाही प्रश्न दडलेला आहे. नवऱ्याला आणि मुलाला तिकडे न्यायचं तर तुझं उत्पन्न एका ठरावीक पातळीच्या वर असावं लागतं, आणि ती पातळी पूर्ण वेळाच्या किमान वेतनाशी बांधलेली आहे. 1,400 युरोंत ते बसणार नाही. म्हणजे हा करार आहे तसा घेतलास तर दोन वर्षं तू एकटी जाशील, मूल इथे सासूबाईंजवळ राहील. तू पत्रात हे लिहिलं नाहीस. तुला ते माहीत नव्हतं की लिहायला जड गेलं, मला कळत नाही. सासूबाईंच्या गप्प बसण्यात कदाचित हाच प्रश्न असेल: पोराला कोण बघणार. त्यांना सरळ विचार. सहा वर्षांच्या मुलापासून दोन वर्षं दूर राहू नकोस, असं मी तुला सांगते. एक हंगाम, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरपासून मे-जूनपर्यंत, मध्ये थंडीच्या सुट्टीत घरी एक फेरी, हे एका धीराच्या घराला झेपू शकतं. पुढे सगळे मिळून गेलात तर मुलाला तिथल्या शाळेत जावंच लागेल, तिकडे पाचव्या वर्षापासून शाळा सक्तीची आहे. भाषा तो तुझ्याआधी शिकेल.

भाषेवरून आठवलं. डच माणसं इंग्रजी छान बोलतात, त्यामुळे मोठ्यांशी तुझं निभेल. पण तुला दिल्यात बारा वर्षांखालच्या मुली, आणि त्या वयाच्या सगळ्यांना इंग्रजी येत नाही. मैदानावरचे डच शब्द, डावीकडे, उजवीकडे, पास दे, थांब, शाबास, एवढे तरी पाठ करूनच विमानात बस. तिथे क्लब बहुतांश पालकांच्या आणि स्वयंसेवकांच्या जिवावर चालतात. लहानांचे सामने शनिवारी, मोठ्यांचे रविवारी. डिसेंबरात साडेचारच्या सुमाराला अंधार पडतो आणि सराव दिव्यांच्या उजेडात होतो. आपल्याकडे सरांनी शिट्टी मारली की वीस मुली एका रांगेत उभ्या राहतात. तिथे एखादी विचारेल की हे का करायचं. तिला रागावू नकोस. ती उद्धट नाही, तिला तसंच वाढवलंय, आणि त्या प्रश्नाचं उत्तर देता देता तू स्वतः चांगली प्रशिक्षक होशील. जाण्याचा मला दिसणारा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे. पैशाहून मोठा.

राहिली रेल्वे. राजीनामा देऊ नकोस. पुन्हा लिहिते, देऊ नकोस. विसाव्या वर्षी लागलीस, म्हणजे चौदा वर्षं सेवा झाली. स्वेच्छानिवृत्तीसाठी वीस वर्षं लागतात. राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती कानाला सारख्याच वाटतात, पण त्यांतून हातात काय पडतं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तू 2004 नंतर लागलेली, म्हणजे नव्या पेन्शन योजनेतली. खात्यात साठलेले पैसे तुझेच राहतील, पण वैद्यकीय सोयी, पास, घर, परतीची जागा, हे सगळं राजीनाम्यासरशी जातं. त्यापेक्षा बिनपगारी असाधारण रजेचा अर्ज कर, एका हंगामापुरता. आणि त्याच अर्जात स्पष्ट लिही की या काळात परदेशात प्रशिक्षणाचं पगारी काम करायचं आहे, त्याची परवानगी द्यावी. रजेवर असताना न विचारता दुसरीकडे पगार घेणं हा नियमभंग होतो, तो करू नकोस. मंडळातल्या क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत अर्ज पाठव. परत आल्यावर रेल्वेच्या मुलींना शिकवायची तयारी आहे असंही लिही. रेल्वेलाही प्रशिक्षक लागतातच.

रजा नाकारली तर? तर या वर्षी जाऊ नकोस. हे ऐकायला तुला कठीण जाईल, पण खेळाडू म्हणून 34 म्हणजे उशीर, प्रशिक्षक म्हणून ही सुरुवात आहे. जकार्तातल्या त्या सुवर्णपदकाच्या वेळी शैलजाताई साठीच्या आसपास होत्या. तू चाळिशीला पोहोचशील तेव्हा वीस वर्षं भरलेली असतील, मूल बारा वर्षांचं असेल आणि हातात प्रमाणपत्रं असतील. हो, प्रमाणपत्रं. आज तुझ्याकडे एकही नाही असं पत्रावरून दिसतं. हॉकी इंडियाचे प्रशिक्षकांसाठीचे अभ्यासक्रम आहेत, त्यापुढे आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाचे लेव्हल 1, 2 आणि 3 आहेत, पतियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा डिप्लोमा आहे. आणि दाराशीच लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्था आहे. 1957 पासून देशभरातून मुलं तिथे येतात आणि आपण ग्वाल्हेरकर तिच्या भिंतीजवळून स्कूटर काढतो. खेळलेल्या माणसाला वाटतं की मला काय शिकवणार. तिकडचा क्लब मात्र पहिली तीच गोष्ट विचारतो, आणि ज्या क्लबने विचारली नाही त्याबद्दल मला शंका येते.

तुझ्या पदकाबद्दल एक छोटी गोष्ट. ऑलिंपिक, आशियाई, राष्ट्रकुल किंवा विश्वस्पर्धेत पदक मिळवून निवृत्त झालेल्या खेळाडूंसाठी केंद्र सरकारची मासिक निवृत्तिवेतनाची योजना आहे, पदकाप्रमाणे 12 हजारांपासून 20 हजारांपर्यंत, वयाच्या तिशीनंतर. तुझं पदक त्यात बसत असेल आणि अजून अर्ज केला नसशील तर जायच्या आधी कर. हक्काचे पैसे आहेत, मागायला लाजायचं कारण नाही.

नवरा "तू ठरव" म्हणतो, ते चांगलंच आहे, पण अर्धंच आहे. त्याला म्हण, ठरवते मी, पण माझ्याशेजारी बसून हे आकडे तू बघ, बँकेत आहेस ना. एका हंगामात घर एका पगारावर चालेल का, मुलाची शाळा, सासूबाईंचं औषधपाणी, हे त्याच्या तोंडून ऐक. त्यानंतरही तो "जा" म्हणाला तर ते खरं "जा".

आता काय करायचं ते सांगते. एजंटला सोड आणि क्लबला थेट ईमेल लिही. क्लबचा पत्ता त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घे, एजंटने दिलेला नको. त्यात विचार: ही ऑफर खरोखर तुमचीच आहे का, परवान्याचा अर्ज कोण आणि कधी करणार, पगार किती तासांचा आणि खोलीचे किती कापणार, दोन वर्षांऐवजी एक हंगाम चालेल का, गुडघा दुखावला तर शिकवण्याचं काम चालू राहील का, आणि माझ्याबरोबर नवरा-मुलगा पुढे येऊ शकतील का. खऱ्या क्लबला असे प्रश्न आवडतात, आठवड्याभरात उत्तर येईल. आलं आणि त्यात पगार वर गेलेला असेल, परवाना तेच काढणार असतील, रेल्वेनेही रजा दिली, तर डोळे झाकून जा, आणि सरांच्या पाया पडून जा. उत्तर आलंच नाही तर समज की तो क्लब तुला बोलावत नव्हता, तो एजंटच बोलावत होता. करार आला की सही करण्याआधी मला पाठव. डचमध्ये असेल तर इंग्रजी प्रत मागून घे.

– तुझी ताई